द्राक्षातलं रेसव्हेराट्रॉल खरंच म्हातारपण लांबवतं का? नाशिकच्या मळ्यापासून कॅप्सूलच्या डबीपर्यंतची गोष्ट

फेब्रुवारी उजाडला की निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या क्रेटनी भरलेल्या गाड्या दिसायला लागतात. त्याच दिवसांत नाशिकच्या वाईनरींमध्ये काळ्या द्राक्षांचा रस सालींसकट टाक्यांमध्ये आंबत असतो. आणि याच शहरातल्या एखाद्या घरी, साठी ओलांडलेल्या वडिलांसाठी मुलांनी ऑनलाइन मागवलेली एक डबी येऊन पडते. डबीवर जांभळ्या द्राक्षांचा घड आणि खाली नाव - रेसव्हेराट्रॉल. रोज एक कॅप्सूल घ्या, वाढत्या वयाचे परिणाम मंदावतील, असा एकूण सूर.

नाशिककराला हे पटायला फार वेळ लागत नाही. द्राक्ष आपल्या ओळखीचं. त्यात काहीतरी चांगलं असणार, हेही आपण लहानपणापासून ऐकलेलं. शिवाय म्हातारपण लांबवण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. वृद्ध च्यवन ऋषींना पुन्हा तारुण्य मिळाल्याची कथा आणि त्यांच्या नावाचा च्यवनप्राश घराघरात आहे. मग त्याला विज्ञानाची जोड मिळाली, तर आणखी काय हवं?

प्रश्न फक्त डबीच्या किमतीचा नाही. साठीनंतर बऱ्याच जणांची रक्तदाबाची, मधुमेहाची, रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतात. त्यात आणखी एक गोळी वाढवताना ती उपयोगाची आहे का आणि तिचा त्रास होऊ शकतो का, हे माहीत असायला हवं. म्हणूनच समजून घेऊया, रेसव्हेराट्रॉलबद्दल आजवर नेमकं काय सिद्ध झालंय आणि काय नाही.

रेसव्हेराट्रॉल म्हणजे काय?

रेसव्हेराट्रॉल हे वनस्पती स्वतःच्या बचावासाठी तयार करतात असं एक रसायन आहे. १९३९ साली जपानमधले संशोधक मिचिओ ताकाओका यांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं. पण ते द्राक्षातून नव्हे, तर हेलेबोर नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका विषारी रानटी झाडातून. पुढे १९६३ मध्ये ते जॅपनीज नॉटवीड या झुडपाच्या मुळांत सापडलं. द्राक्षाचा नंबर लागला १९७६ मध्ये. लँगकेक आणि प्राइस या दोन संशोधकांना दिसलं की, द्राक्षाच्या पानावर बुरशीने हल्ला केला किंवा त्यावर अतिनील किरण पडले, की पान हे रसायन बनवायला लागतं.

ऑक्टोबरमधली गोडी छाटणी झाल्यावर अवकाळी पाऊस आला की नाशिकच्या शेतकऱ्याची झोप का उडते, हे इथे वेगळं सांगायला नको. डाऊनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांशी तो फवारणी करून लढतो. वेल आपल्या परीने रेसव्हेराट्रॉलसारखी रसायनं तयार करून लढते. म्हणजे हे मुळात द्राक्षवेलीचं स्वतःसाठीचं औषध आहे.

फळात ते मुख्यतः सालीत असतं. किती असतं, हे मात्र ठरलेलं नाही. द्राक्षाचं वाण कोणतं, हवामान कसं होतं, वेलीवर रोगाचा ताण किती आला, यावर ते बदलतं. त्यामुळे घड हातात घेऊन त्यात किती रेसव्हेराट्रॉल आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

शेंगदाण्यातही ते असतं. विशेष म्हणजे उकडलेल्या शेंगांमध्ये कच्च्या दाण्यांपेक्षा जास्त असतं.

डबीवर द्राक्षं, मग आत काय?

बाजारातल्या बऱ्याच कॅप्सूलमधलं रेसव्हेराट्रॉल द्राक्षातून येत नाही. ते जॅपनीज नॉटवीडच्या मुळांपासून काढलेलं असतं. कारण साधं आहे. त्या मुळांत हे रसायन भरपूर मिळतं आणि ते काढणं स्वस्त पडतं. ही वनस्पती चीन-जपानच्या पारंपरिक औषधांत वापरली जाते. ब्रिटनमध्ये मात्र ती बागा आणि घरांच्या भिंतींना त्रास देणारं तण म्हणून कुप्रसिद्ध आहे.

नॉटवीडमध्ये इमोडिन नावाचं आणखी एक द्रव्य असतं. ते रेचक आहे. अर्क नीट शुद्ध केलेला नसेल, तर त्यामुळे पोट बिघडू शकतं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. 'ग्रेप सीड एक्स्ट्रॅक्ट' म्हणजे द्राक्षाच्या बियांचा अर्क आणि रेसव्हेराट्रॉल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बियांच्या अर्कात मुख्यतः प्रोअँथोसायनिडिन या गटातली द्रव्यं असतात.

वाईनशी नाव कसं जोडलं गेलं?

नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या कार्यक्रमात एक कोडं मांडलं गेलं. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयरोगाचं प्रमाण कमी कसं? फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांनी याचं श्रेय वाईनला दिलं. १९९२ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि 'फ्रेंच पॅराडॉक्स' हा शब्द जगभर पोहोचला. अमेरिकेत रेड वाईनची मागणी झपाट्याने वाढली.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वाईनमध्ये रेसव्हेराट्रॉल असल्याचं दाखवून दिलं. कोड्याला जणू उत्तर मिळालं. रेड वाईन बनवताना रस सालींसकट आंबवतात, म्हणून सालीतलं रेसव्हेराट्रॉल त्यात उतरतं. व्हाइट वाईनसाठी साली आधीच वेगळ्या करतात, त्यामुळे त्यात ते अगदी कमी असतं.

नंतर या कोड्याचीच तपासणी झाली. अशा अभ्यासांमध्ये न पिणाऱ्यांच्या गटात अनेकदा आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे तुलनेने निरोगी वाटले. शिवाय वाईन पिणारे पुष्कळदा बऱ्या परिस्थितीतले असतात, त्यांचा आहार आणि वैद्यकीय सोयी चांगल्या असतात. फायदा वाईनचा की या बाकीच्या गोष्टींचा, हे वेगळं काढणं कठीण होतं. पण तोवर रेसव्हेराट्रॉलचं नाव झालं होतं.

'तारुण्याचं औषध' ही ओळख कोणी दिली?

कमी खाल्लं तर प्राणी जास्त जगतात, हे १९३५ पासून माहीत होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांवर ते दाखवलं होतं. मग शास्त्रज्ञांना वाटलं, पोटाला चिमटा न काढता एखाद्या गोळीने तोच परिणाम साधता येईल का?

हार्वर्ड विद्यापीठातले डेव्हिड सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पेशींमध्ये सर्ट्युइन नावाची विकरं असतात, म्हणजे पेशीतली कामं घडवून आणणारी प्रथिनं. कमी खाण्याचा फायदा या सर्ट्युइनमार्फत मिळत असावा, असं तेव्हा मानलं जात होतं. रेसव्हेराट्रॉलने हीच विकरं चालू होतात, असं या प्रयोगातून समोर आलं. आणि रेसव्हेराट्रॉल दिलेल्या यीस्टचं आयुष्य ७० टक्क्यांपर्यंत वाढलं.

हे यीस्ट म्हणजे पाव फुगवायला आणि वाईन आंबवायला वापरतात तेच. त्याचं आयुष्य दिवसांत मोजलेलं नव्हतं, तर एक पेशी किती वेळा नवी पेशी तयार करते, यावर मोजलं होतं. एका पेशीच्या जिवात जे घडलं ते माणसात घडेलच असं नाही, पण उत्सुकता वाढायला एवढं पुरेसं होतं.

२००६ मध्ये मोठी बातमी आली. याच संशोधकांनी मध्यमवयीन उंदरांना अतिशय चरबीयुक्त खाद्य दिलं. त्यातल्या ६० टक्के कॅलरी स्निग्ध पदार्थांतून येत होत्या. उंदीर ११४ आठवड्यांचे झाले तेव्हा नुसतं चरबीयुक्त खाद्य खाणाऱ्यांपैकी ५८ टक्के मेले होते. तेच खाद्य रेसव्हेराट्रॉलसोबत खाणाऱ्यांपैकी ४२ टक्के मेले होते, म्हणजे साधं खाद्य खाणाऱ्या उंदरांइतकेच. जगभरात मथळे झळकले आणि कॅप्सूलची बाजारपेठ उभी राहिली.

२००४ मध्ये सिंक्लेअर यांनी सहसंस्थापक म्हणून सर्ट्रिस ही कंपनी सुरू केली होती. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीने ती ७२ कोटी डॉलरना विकत घेतली.

उंदराचा डोस माणसाला किती पडेल?

त्या उंदरांना दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण २२ मिलिग्रॅम रेसव्हेराट्रॉल मिळत होतं. उंदराचा चयापचय माणसापेक्षा खूप वेगवान असतो. त्यामुळे उंदराचा डोस माणसासाठी मोजताना तो साधारण १२ ने भागण्याची पद्धत आहे. या हिशेबाने ६० किलोच्या माणसाला रोज जवळपास ११० मिलिग्रॅम लागेल.

रेड वाईनमध्ये एका लिटरला सरासरी २ मिलिग्रॅम धरलं, तर त्यासाठी रोज ५५ लिटर वाईन लागेल. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या सत्तरहून जास्त बाटल्या.

द्राक्षांचं काय? १६० ग्रॅम लाल द्राक्षांत, म्हणजे साधारण वाटीभर फळात, पाव ते सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास रेसव्हेराट्रॉल असतं. सगळ्यात चांगला घड मिळाला असं धरलं, तरी रोज १४ किलो द्राक्षं खावी लागतील. कमी प्रमाणाचा घड निघाला तर सत्तर किलोंच्या वर.

थोडक्यात, प्रयोगात वापरलेलं प्रमाण खाण्यापिण्यातून मिळणं शक्यच नाही. म्हणूनच कॅप्सूल आली. तिच्यात साधारण १०० ते ५०० मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त रेसव्हेराट्रॉल असतं. पण इतका डोस घेतल्यावर ते द्राक्षासारखं अन्न उरत नाही. त्याला औषधाचेच प्रश्न विचारावे लागतात: ते शरीरात पोहोचतं का, काम करतं का आणि अपाय करतं का?

गोळी पोटात गेल्यावर काय होतं?

इथे पहिली अडचण येते. रेसव्हेराट्रॉल आतड्यात चांगलं शोषलं जातं. तोंडावाटे घेतलेल्या डोसपैकी ७० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, असं २००४ मधल्या एका अभ्यासात दिसलं. पण आतडं आणि यकृत त्याचं लगेच दुसऱ्या संयुगांत रूपांतर करून टाकतात. मूळ रूपातलं रेसव्हेराट्रॉल रक्तात एक टक्क्याहूनही कमी पोहोचतं.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर रेसव्हेराट्रॉल थेट ओतता येतं. माणसाच्या पेशींपर्यंत ते तसं जात नाही. जाहिरातीत 'पेशींवर सिद्ध झालेलं' असं वाचलं, तर हा फरक आठवावा.

पाया कुठे खचला?

सर्ट्युइनचा मूळ दावा तपासताना शास्त्रज्ञांना एक वेगळीच गोष्ट सापडली. रेसव्हेराट्रॉलमुळे हे विकर चालू होतं की नाही, हे पाहायला प्रयोगात एक चमकणारा रंग वापरला होता. २००५ मध्ये मॅट केबरलाइन यांच्यासह काही संशोधकांनी आणि २०१० मध्ये फायझर कंपनीच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की, तो रंग काढून टाकला तर परिणामही दिसेनासा होतो. सिंक्लेअर यांच्या गटाने २०१३ मध्ये याला उत्तर दिलं. पेशीतल्या काही नैसर्गिक प्रथिनांसोबतही असा परिणाम दिसतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद पूर्ण मिटलेला नाही. पण 'तारुण्याचं बटण सापडलं' हा आत्मविश्वास तिथेच ओसरला.

त्याहून महत्त्वाचं उत्तर उंदरांकडूनच मिळालं. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगचा एक खास कार्यक्रम आहे. आयुष्य वाढवण्याचा दावा असलेलं द्रव्य त्यात एकाच वेळी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये तपासतात. उंदीरही एकाच छापाचे नसतात, जनुकीय वैविध्य असलेले असतात. तिथे साधं खाद्य खाणाऱ्या उंदरांना रेसव्हेराट्रॉल दिलं. २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नर असो वा मादी, आयुष्य वाढलं नाही.

चाचणीत काही चुकलं असेल का? तसं म्हणता येत नाही. कारण त्याच चाचणीत रॅपामायसिन या दुसऱ्या औषधाने उंदरांचं आयुष्य वाढलं होतं. (हे औषध अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलं जातं. ते मनाने घेण्याची गोष्ट नाही.)

म्हणजे २००६ चा प्रयोग खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ मर्यादित होता. अतिचरबीच्या खाद्याने लवकर मरणाऱ्या उंदरांना रेसव्हेराट्रॉलने सावरलं. नीट खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य त्याने वाढवलं नाही.

या क्षेत्राला आणखी एक धक्का जानेवारी २०१२ मध्ये बसला. हृदय आणि रेसव्हेराट्रॉल यावर भरपूर लिहिणारे कनेक्टिकट विद्यापीठातले भारतीय वंशाचे संशोधक दीपक दास यांच्या कामात माहिती बनावट असल्याच्या किंवा तिच्यात फेरफार झाल्याच्या १४५ बाबी विद्यापीठाच्या चौकशीत आढळल्या. दास यांनी आरोप नाकारले होते. सर्ट्युइनवरचं संशोधन त्यांच्या कामावर उभं नव्हतं. पण 'द्राक्ष हृदयाला चांगलं' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुराव्यातला काही भाग त्यामुळे संशयात आला.

माणसांवर काय दिसलं?

२०११ मध्ये नेदरलँड्समध्ये ११ लठ्ठ पुरुषांना महिनाभर रोज १५० मिलिग्रॅम रेसव्हेराट्रॉल दिलं. रक्तदाब आणि साखरेशी निगडित काही मोजमापांत थोडी सुधारणा दिसली. पण पुढे २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये २४ लठ्ठ पुरुषांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना रोज १५०० मिलिग्रॅम, म्हणजे दहापट डोस दिला, तरी तसा फायदा दिसला नाही. लठ्ठपणा नसलेल्या, मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांवरच्या २०१२ मधल्या अभ्यासातही चयापचयात फरक पडला नाही.

अल्झायमरच्या ११९ रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. डोस वाढवत वाढवत दिवसाला २००० मिलिग्रॅमपर्यंत नेला होता. रुग्णांनी तो सहन केला. मात्र रेसव्हेराट्रॉल घेणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटलेलं दिसलं. याचा अर्थ नेमका काय लावायचा, यावर संशोधकांमध्ये चर्चा झाली. पण याला फायद्याचा पुरावा म्हणता येत नाही.

सकाळी फिरायला जाणाऱ्या किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढणाऱ्या नाशिककरांनी लक्षात ठेवावा असा अभ्यास कोपनहेगनचा आहे. २०१३ मध्ये तिथे पासष्टीच्या आसपासच्या, निरोगी पण फारशी हालचाल नसलेल्या २७ पुरुषांना आठ आठवडे कसून व्यायाम करायला लावला. काहींना सोबत रोज २५० मिलिग्रॅम रेसव्हेराट्रॉल दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. व्यायामाने दुसऱ्या गटाचा रक्तदाब उतरला, दमसास वाढला. रेसव्हेराट्रॉल घेणाऱ्यांना मात्र व्यायामाचा यातला बराचसा फायदा मिळाला नाही.

असं का झालं असावं? व्यायामाने शरीरावर थोडा ताण येतो आणि त्या ताणाला उत्तर देताना ते मजबूत होतं. रेसव्हेराट्रॉल हा ताणच बोथट करत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे. अभ्यास लहान आहे, त्यावरून शेवटचा निकाल देता येणार नाही. पण 'फायदा झाला नाही तरी तोटा तर नाही' असं समजून गोळी घेणाऱ्याने तो दुर्लक्षून चालणार नाही.

कियांतीतले म्हातारे काय सांगतात?

गोळीचं सोडा, आयुष्यभर थोडंथोडं खाण्यापिण्यातून मिळालं तर? हा प्रश्न इटलीत तपासला गेला. तिथला कियांती हा भाग जगप्रसिद्ध वाईनचा. तिथल्या दोन गावांमधल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ स्त्री-पुरुषांच्या लघवीत रेसव्हेराट्रॉलपासून तयार होणारी संयुगं मोजली गेली. कोण किती वाईन पितो हे विचारण्यावर न थांबता शरीरात खरोखर किती गेलं, ते पाहिलं.

१९९८ ते २००९ या काळात त्यातले २६८ जण वारले. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. रेसव्हेराट्रॉल जास्त असलेले लोक जास्त जगले नाहीत. त्यांना हृदयरोग किंवा कर्करोगही कमी झाला नाही.

वाईनच्या प्रदेशातल्या खऱ्याखुऱ्या माणसांचा हा अभ्यास आहे. द्राक्षाच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना तो जवळचा वाटायला हवा.

धोका कोणाला?

कमी डोसमध्ये रेसव्हेराट्रॉलने बहुतेकांना मोठा त्रास होत नाही. दिवसाला हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं की मळमळ, पोटदुखी, जुलाब अशा तक्रारी दिसतात.

सगळ्यात जपावं लागतं ते रक्त पातळ ठेवणारी औषधं घेणाऱ्यांनी. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन यांसारख्या औषधांसोबत रेसव्हेराट्रॉलचा मोठा डोस घेतला तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. यकृतातली जी विकरं अनेक औषधांचा निचरा करतात, त्यांच्या कामातही ते ढवळाढवळ करतं. त्यामुळे एखाद्या औषधाची रक्तातली पातळी अपेक्षेपेक्षा वाढू शकते. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने डॉक्टरांना न सांगता ही गोळी सुरू करणं म्हणूनच धोक्याचं आहे. शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे आवर्जून सांगावं.

खूप मोठ्या डोसचा अनुभव तर अधिक गंभीर होता. सर्ट्रिसने रेसव्हेराट्रॉलचा एक खास प्रकार मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर तपासला. डोस दिवसाला ५ ग्रॅम होता. काही रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याने २०१० मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. या कर्करोगातच मूत्रपिंडं नाजूक झालेली असतात, हे खरं. पण कंपनीने त्या औषधाचं काम बंद केलं. २०१३ मध्ये सर्ट्रिसचं स्वतंत्र कार्यालयही बंद झालं. ७२ कोटी डॉलर मोजूनही तारुण्याचं औषध बाजारात आलं नाही. कॅप्सूल मात्र विकल्या जात राहिल्या.

कायदा काय म्हणतो?

इथे एक गंमत आहे. भारतातल्या औषध नियमांच्या 'शेड्यूल जे'मध्ये अशा व्याधींची यादी आहे, ज्या बऱ्या करण्याचा किंवा टाळण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. या यादीत अकाली वार्धक्य आहे आणि पुन्हा तारुण्य आणण्याची शक्तीही आहे. म्हणजे औषध म्हणून विकायचं असेल, तर 'तरुण करतो' असं म्हणायलाच बंदी.

पण सप्लिमेंट कायद्याच्या नजरेत औषध नसतं, अन्न असतं. त्याच्यावर देखरेख असते एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची. औषध बाजारात आणण्याआधी ते काम करतं हे माणसांवरच्या चाचण्यांतून दाखवावं लागतं. सप्लिमेंटला तशी अट नाही. मात्र आजार बरा करतो असा दावा त्यालाही करता येत नाही आणि ते औषधी वापरासाठी नाही, हे लेबलवर छापावं लागतं.

म्हणूनच डबीवरची भाषा जपून वापरलेली असते. 'पेशींच्या आरोग्यास साहाय्यक', 'निरोगी वार्धक्यासाठी' अशी. वाचणारा त्यातून स्वतःला हवा तो अर्थ काढतो. डबी हातात आली की पुढचं चित्र बघण्याआधी मागची बारीक अक्षरं वाचावीत. परवाना क्रमांक आहे का, अर्क कोणत्या वनस्पतीचा आहे, एका कॅप्सूलमध्ये किती मिलिग्रॅम आहे, एवढं तरी पाहावं.

मग औषध म्हणून वाईन?

नाशिकमध्ये हा प्रश्न टाळता येत नाही. इथे वाईन हा शेतीशी जोडलेला व्यवसाय आहे. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं. विंचूरला वाईन पार्क झालं. सुलासारख्या वाईनरींमुळे पर्यटन वाढलं. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा वाईनला दारू म्हणायचं की नाही यावर राज्यभर वाद रंगला.

द्राक्ष उत्पादकाच्या उत्पन्नाचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर स्वतंत्र चर्चा व्हायला हवी. आरोग्याचा मुद्दा त्यात मिसळू नये. वाईनमध्ये अल्कोहोल असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की, आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही. जे पीत नाहीत त्यांनी हृदयासाठी म्हणून वाईन सुरू करण्याला काहीच आधार नाही.

आणि द्राक्षं?

ती खुशाल खावीत. पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 'मांजरी मेडिका' नावाचं रसासाठीचं वाण तयार केलंय. त्याचा गरही रंगीत असतो आणि त्यात अँथोसायनिन ही रंगद्रव्यं भरपूर असतात. असं फळ आहारात असणं चांगलंच. फळं, भाज्या, डाळी भरपूर खाणाऱ्यांची तब्येत चांगली राहते, याला भक्कम आधार आहे. पण तो संपूर्ण आहाराचा परिणाम आहे. त्यातलं एकच द्रव्य काढून डबीत भरलं, की तोच परिणाम मिळतो असं दिसलेलं नाही. मधुमेह असलेल्यांनी मात्र द्राक्षातली साखर हिशेबात धरावी.

सगळ्याच गोळ्या निरुपयोगी, असाही याचा अर्थ नाही. शाकाहारी माणसांत बी-१२ ची, अनेकांत ड जीवनसत्त्वाची कमतरता असते. रक्ततपासणीत ती दिसली आणि डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती जरूर घ्यावी. तिथे काय कमी आहे आणि किती भरून काढायचं, हे मोजलेलं असतं. रेसव्हेराट्रॉलची कमतरता नावाचा आजारच नाही.

वाढत्या वयात ज्याचा फायदा पुन्हा पुन्हा दिसलाय त्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत: रोजचं चालणं, स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, तंबाखू सोडणं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणं, पुरेशी झोप. त्यांची डबी मिळत नाही, म्हणून त्यांची जाहिरातही फारशी होत नाही.

वडिलांसाठी डबी मागवणाऱ्या मुलांची काळजी खरी असते. फक्त ती मागवण्याआधी त्यांच्या चालू औषधांची यादी घेऊन एकदा डॉक्टरांना विचारावं. आणि डबीचे पैसे वाचले, तर मोसमात पिंपळगावच्या रस्त्यावरून दोन किलो द्राक्षं आणावीत. घरातल्या सगळ्यांना पुरतील.